जाळीच्या खोलीतलं ऊन

दामिनी आली ती आपल्या घरासकट आली. सक्करदऱ्यात तुळजाबाईंच्या घराला लागून एक रिकामा प्लॉट आहे. डिसेंबरातल्या एका बुधवारी संध्याकाळी तिथे एक पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर येऊन थांबली आणि तिच्यातून त्यांची चव्वेचाळीस वर्षांची लेक उतरली, दीड वर्षानंतर. पुण्यातला संसार मोडला तेव्हा दामिनीने फ्लॅट विकून ही गाडी घेतली होती. आत पलंग, गॅस, मोरी, टपावर सोलर. जिथे मोबाइलला रेंज मिळेल तिथे थांबायचं, लॅपटॉपवर काम करायचं आणि पुढे निघायचं, असं तिचं तीन वर्षं चाललं होतं.

तुळजाबाईंनी आतल्या खोलीत स्वतःच्या खाटेला लावून दुसरी खाट घातली होती. उशीला नवा अभ्रा चढवला होता.

"नाही वं आई, मी गाडीतच झोपते," दामिनी म्हणाली. "या दोघींना एकटं ठेवता येत नाही."

या दोघी म्हणजे मांजरी. पांढरी ती ताकू आणि ठिपक्यांची ती बुंदी.

"मंग त्याईले घरात घे."

"नव्या घरात बावरतात. गाडीच त्यांचं घर आहे."

समोरच्या बायजाबाई आपल्या फाटकातूनच ओरडल्या, "काय वं तुळजे, लोकाईच्या पोरी नातवंडं आणतात, तुही पोरगी मांजरी घेऊन आली!"

"मंग काय वं! तुही नातवंडं तं सुनेनं हैदराबादले नेली. ह्या निदान भेटाले तं आल्या."

दामिनी खळखळून हसली. ते हसू ऐकून तुळजाबाईंना वाटलं, आता ही चार दिवस राहील. पण दामिनी गाडीचं मागचं दार उघडता उघडता म्हणाली, "उद्या दुपारी निघते आई. सावनेरच्या रस्त्याने भोपाळकडे. सोमवारी तिथे पोचायचंय."

म्हणजे मधली ही एकच रात्र, तीही गाडीतली. आणखी एक तरी रात्र हिने राहावं आणि या खाटेवर झोपावं, एवढंच तुळजाबाईंना हवं होतं. त्यासाठी काय म्हणावं लागतं, ते त्यांना कधी जमलं नव्हतं.

अंधार पडायच्या आधी दामिनीने गाडीच्या दाराला एक जाळीची खोली जोडली. बारीक काळी जाळी, वाकवून बसवायच्या काड्या, खाली सतरंजी, एक घडीची खुर्ची आणि बाहेर पडायला चेनचं दार. ही मांजरींची हवा खायची जागा. सकाळी ऊन आलं की तासभर, संध्याकाळी तासभर. त्याआधी दोघींच्या अंगात एकेक पट्ट्यांची बंडी चढवायची आणि बंडीला दोरी अडकवायची.

"जाळी आहे तं दोरी काहून?"

"जाळी फाटू शकते. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत, जास्त नाही. सैल राहिली की मांजर उलटं सरकून बंडीतून निघतं."

"आन निघालीच तं?"

दामिनी हातातलं काम थांबवून म्हणाली, "होसपेटच्या बाजूला ताकू पळाली होती. मांजर हरवलं की गाडी हलवायची नाही. तिला परत यायला तेवढी एकच खूण असते. पाच दिवस थांबले मी. कामावर बोलणी खाल्ली, पण हलले नाही. पंधरा लागले असते तर पंधरा थांबले असते."

दामिनीचे वडील ईश्वरदास गेले तेव्हा ती चौथ्या दिवशी पुण्याला परतली होती. रजा नव्हती. तेरवीला पुन्हा आली आणि जेवणं आटोपल्यावर संध्याकाळच्या गाडीने गेली. तुळजाबाईंनी तेव्हा काही म्हटलं नव्हतं. आताही म्हटलं नाही.

गुरुवारी सकाळी दामिनीला नंदनवनातल्या दुकानातून मांजरींच्या शी-शूसाठीची वाळू आणायची होती. ताकूला गाडीत ठेवून, बुंदीला बंडी घालून तिने दोरी आईच्या हातात दिली.

"अर्ध्या तासात येते. चेन उघडू नको."

"मले काय मांजर धरणं शिकवते!"

हे काही खोटं नव्हतं. तुळजाबाईंच्या लहानपणी माहेरच्या विणकरांच्या गल्लीत पहाटे ताणा ताणला जाई. या टोकापासून त्या टोकापर्यंत हजारो सुती धागे, आणि दोन्ही बाजूंनी माणसं हातात कुंचले घेऊन त्यांवर पिठाची खळ लावत मागेपुढे चालत. खळीत तेल घातलेलं असे. त्या वासाने गल्लीतली मांजरं येत आणि ओला ताणा चाटायला बघत. एक पंजा पडला तरी पन्नास धागे तुटत. म्हणून प्रत्येक घरातल्या एका पोरीला काम असे, ताणा सुकेपर्यंत मांजर मांडीवर धरून बसायचं. बंडी नाही, दोरी नाही. परकराच्या घेरात गुंडाळायचं आणि कानामागे खाजवत राहायचं. गल्लीभर ओट्यांवर पोरी आणि पोरींच्या मांडीवर मांजरं. खळीचा आंबूस वास, कुंचल्यांचा सरसर आवाज, आणि बोलत कोणी नसे, कारण बापमंडळी धागे पाहत असत. तशी माणसांनी भरलेली शांतता तुळजाबाईंना पुढे कुठे भेटली नाही. लग्न करून त्या या घरात आल्या तेव्हा इथेही पुढच्या खोलीत माग होता. ईश्वरदास जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणत. माग मोडून तीस वर्षं झाली. खड्डा तेवढा राहिला, वर फळ्या टाकलेला.

बुंदी जाळीला नाक लावून बसली होती. जाळीतून येणारं ऊन चाळणीतून पडल्यासारखं भुरभुरत होतं. खरं ऊन पलीकडे, तुळजाबाईंच्या ओट्यावर पसरलं होतं. बुंदी पंजाने पट्टा ओढायला लागली.

"टोचते का वं? थांब."

त्यांनी पट्टा एक घर सैल केला. मग चेनही उघडली. दोरी हातात होतीच, आणि ओटा दहा पावलांवर. ओट्यावर बुंदी पाठीवर लोळली. तिचं पोट उन्हात मऊ दिसत होतं. तुळजाबाई तिच्याजवळ टेकल्या. घरात आपल्यावाचून दुसरं कोणी श्वास घेतंय, हे त्यांना किती दिवसांनी जाणवलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याच्या ठेल्यावरचा भोंगा कडाडला. बुंदी उसळली, मागे सरकली, एकदा अंग पिळलं, आणि दोरीच्या टोकाला नुसती बंडी उरली. मांजर उघड्या दारातून घरात घुसलं. तुळजाबाई मागोमाग धावल्या. त्यांना दिसली ती फक्त शेपटी, फळ्यांच्या तुटक्या कोपऱ्यातून खड्ड्यात उतरणारी.

त्यांनी वाकून कान लावला. आतून बारीक आवाज आला. खड्ड्याला दुसरी वाट नव्हती. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि तुटक्या कोपऱ्यावर जेवायचा पाट ठेवला, दामिनी येईपर्यंत बाहेर पडू नये म्हणून. तोवर मनात दुसरं काहीच नव्हतं.

दामिनी रिक्षातून उतरली. उघडी चेन पाहिली. आईच्या हातातली बंडी पाहिली.

"बुंदी?"

आत आहे, असंच त्या म्हणणार होत्या.

"निसटली वं."

"कुठं गेली?"

तुळजाबाईंचा हात उठला आणि तलावाकडे जाणाऱ्या गल्लीकडे वळला.

दामिनी पिशवी टाकून पळाली. अर्ध्या तासाने आली, गाडीसमोर वाळूचा ट्रे मांडला, वासाने परत यावी म्हणून पायरीवर आपला वापरलेला कुडता पसरून ठेवला आणि कुणाला तरी फोन लावला. स्वयंपाकघरात तुळजाबाईंना स्पष्ट ऐकू आलं. "नाही, आज नाही निघत. उद्याचंही सांगता येत नाही."

तुळजाबाईंनी पाटवडीसाठी बेसन काढलं. खोबरं, खसखस भाजायला घेतली. हात आपोआप भराभर चालत होते. मध्येच जाऊन त्यांनी पाट सरकवला, वाटीत पाणी आणि दुधात कुस्करलेली पोळी खाली ठेवली. बुंदीने खाल्लं. मग बिघडलं काय? मांजर सुखरूप आहे. सापडेल रात्री. नाहीतर उद्या सकाळी.

पुन्हा शोधायला गेलेली दामिनी दुपारी एकला परत आली तेव्हा तिच्या पायाला बाभळीचे ओरखडे होते. ती जेवली नाही. बायजाबाईही शोधायला गेल्या होत्या, त्या दम खात आल्या आणि म्हणाल्या, "तलावाकडं कुत्रे लय सुटले वं. परवाच एका बोक्याले..."

"तू गप वं बायजे!" तुळजाबाई अशा ओरडल्या की बायजाबाई बघतच राहिल्या.

दामिनी पुन्हा गेली.

तीनला आली ती जाळीच्या खोलीत सतरंजीवर बसली, गल्लीकडे तोंड करून. तुळजाबाईंनी ताट नेलं. रश्श्यावर तेलाचा लाल तवंग होता, पोरीला आवडतो तसा.

"दामू, दोन घास खाय."

त्या ताट घेऊन तिच्या मागे उभ्या राहिल्या. दामिनी राहिली होती, हवी तशी. पण जी राहिली होती ती तिची पाठ होती. थोड्या वेळाने पाठ न वळवताच ती म्हणाली, "तुझी चूक नाही आई. मीच दिली तुझ्या हातात. तुझे हात आता थकलेत. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं."

तुळजाबाईंनी ताट खुर्चीवर ठेवलं आणि त्या घरात गेल्या.

पाट बाजूला केला. दोन फळ्या उचलल्या. गुडघे टेकून खड्ड्यात हात घातला, बुंदीला वर घेतलं आणि पदरात घट्ट गुंडाळून बाहेर आणलं. दामिनीने पाहिलं मात्र, आणि मांजराला छातीशी घेऊन ती लहान पोरीसारखी रडली. तुळजाबाईंनी चेन लावून घेतली.

"कुठं सापडली गं?"

"बाबाच्या मागाच्या खड्ड्यात."

"म्हणजे इथेच? कधी परत आली?"

आत्ताच, म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं.

"ते गेलीच नव्हती. भोंगा वाजला तशी आत शिरली. मी पाहिलं होतं."

दामिनीचा बुंदीवरून फिरणारा हात थांबला. "सकाळी?"

"साडेआठले."

"आणि बोलली नाहीस?"

"तू चालली होती ना," तुळजाबाई म्हणाल्या. "मांजर हरवलं की गाडी हलत नाही, तूच सांगितलं."

दामिनीने बुंदीला आणखी जवळ घेतलं. तिचा आवाज चढला नाही. "तलावाच्या काठाने मी प्रत्येक कुत्र्याच्या तोंडाकडे बघत फिरले, आई."

ती बुंदीला घेऊन गाडीत गेली आणि दार ओढून घेतलं. ताट खुर्चीवरच राहिलं. रश्श्यावरचं तेल थिजलं.

त्या दिवशी गाडी हलली नाही. पण घरातली दुसरी खाटही तशीच राहिली, अभ्र्यावर सुरकुती न पडता. तुळजाबाईंनी पातेलं झाकून ठेवलं आणि न जेवता पडून राहिल्या. क्षमा मागायची तर कोणत्या शब्दात, ते त्यांना सुचेना. ईश्वरदास असते तर म्हणाले असते, जा, नुसती जाऊन बस तिच्याजवळ. पण बसायची जागा तर दाराआड होती.

शुक्रवारी ऊन वर आलं तेव्हा दामिनीने गाडीचं दार उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. तिने दोघींना बंड्या चढवल्या, पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली, आणि ओट्यावर बसलेल्या आईला हाक मारली.

"आई, इकडे ये. तासभर बस यांच्याजवळ. मी आत आवरते, मग निघते."

"मी?"

"तू."

दोन्ही दोऱ्या तिने आईच्या मनगटाला एकेक वेढा देऊन हातात दिल्या. तिची बोटं थंड होती. चेनबद्दल ती काही बोलली नाही. तुळजाबाईंनी ती आपल्या हाताने वरून खालपर्यंत लावली.

ताकू सतरंजीवर पसरली. बुंदी आधी दूर बसली, मग येऊन मांडीवर चढली. गाडीत कपाटं बंद होत होती, भांडी बांधली जात होती. एकदा आतून आवाज आला, "रस्सा उरला असेल तर डब्यात घालून दे. रस्त्यात खाईन."

"हो. पातेलंभर आहे."

मग पुन्हा नुसती भांडी. तुळजाबाईंना घड्याळ लागत नसे. आयुष्यभर त्या सावल्यांवर वेळ ओळखत आल्या होत्या. गाडीची सावली सतरंजीच्या काठावर आली, मग काठ सोडून मातीवर गेली. तास भरला होता. आत दामिनीला कळलं नसावं, ती काहीतरी बांधण्यात गुंतली होती. बुंदी झोपली होती, तिचं पोट मांडीवर वर-खाली होत होतं. तुळजाबाई गप्प राहिल्या असत्या तर आणखी काही वेळ असाच गेला असता.

"दामू," त्यांनी हाक मारली. "तास झाला वं."

आतला आवाज थांबला.

"झाला?"

"झाला."

दामिनी खाली उतरली. पायरीवर क्षणभर टेकली, आईच्या मांडीवरच्या बुंदीकडे बघत. मग तिने मनगटावरचे वेढे सोडवले, एकेक करून दोघींना आत नेलं आणि जाळीच्या काड्या काढायला परत आली. तुळजाबाईंनी खुर्ची उचलली आणि त्या बाजूला झाल्या.