न ऐकता दिलेले तेरा

शिक्षकांच्या खोलीत थोरल्या बाई बोट जिभेला लावून गुणपत्रकाची पानं उलटत होत्या. दर पानाला बोट, दर पानाला जीभ. टेबलावर चहाचे गोल डाग, त्यात भिजून फुगलेला बिस्किटाचा चुरा, आणि त्या चुऱ्याशेजारी चाळीस मुलांची इंग्रजीची तोंडी परीक्षा चाललेली. खोलीत मूल मात्र एकही नव्हतं.

लेखी परीक्षा ऐंशी गुणांची, तोंडी वीसची. तोंडीला मुलाला समोर बसवायचं, इंग्रजीत बोलतं करायचं, दोघा शिक्षकांनी ऐकायचं आणि दोघांनी सही करायची, असा नियम. आमची रीत निराळी. लेखीच्या गुणांना चारने भागायचं आणि येईल तो आकडा तोंडीला टाकायचा. तोही तीन निरनिराळ्या पेनांनी लिहायचा, म्हणजे परीक्षा तीन दिवस चालली असं दिसतं. पहिली सही थोरल्या बाईंची, दुसरी माझी. अकरा वर्षं करत आले होते. खोटं कशाला बोलू?

"आवर गं," थोरल्या बाई म्हणाल्या. "छत्तीस?"

"नऊ."

"बावीस?"

"साडेपाच."

"पाच लिही. अर्ध्याचं काय लोणचं घालायचंय?"

बावीसचा आकडा इस्त्रीचा होता. बंदराजवळच्या लॉन्ड्रीवाल्याची मुलगी, म्हणून वर्गाने तिचं नाव इस्त्री पाडलं. लेखीत तिचं अक्षर म्हणजे शाईतून कोंबडी चालून गेलेली. पण गेल्या आठवड्यात मी कोट धुवायला टाकायला गेले, तेव्हा काउंटरवर उभी राहून ती एका परदेशी खलाशाला इंग्रजीत झापत होती. कॉलर आम्ही जाळली नाही, तुमच्याच सिगारेटने जळली, हे बघा भोक किती गोल आहे! खलाशी खाली मान घालून ऐकत होता. मी तोंडात बोट घातलं.

पास व्हायला पस्तीस लागतात. बावीस आणि पाच सत्तावीस. पोरगी आधी एकदा नापास झालेली. दुसऱ्यांदा झाली की आमची शाळा नाव काढून टाकते.

"बाई, हिची तरी तोंडी घेऊ या ना."

"एकीची घेतलीस की चाळिसांची घ्यावी लागेल. अंगात आलंय का तुझ्या?"

मी मान खाली घातली, तर नजर वरच्या ओळीवर गेली. वर्गातला पहिला नंबर. लेखी शहात्तर, तोंडी एकोणीस. शेऱ्यात लिहिलेलं, 'उच्चार स्पष्ट. आत्मविश्वास उत्तम.' त्या पोराला लेखीच्या दुसऱ्याच दिवसापासून गालगुंड. तोंडात चमचासुद्धा जात नाही, असं त्याच्या आईने मला काल फोनवर सांगितलेलं.

"बाई, हा तर आठवडाभर गैरहजर आहे."

"अगं बाई!" त्यांनी जीभ चावली. मला वाटलं, लाज वाटली. त्यांनी हजेरीपट ओढला, गैरहजेरीच्या फुल्यांना शेपट्या जोडून त्याला हजर केलं आणि फुंकर मारून शाई वाळवली. पानावर बिस्किटाचा कण पडला होता. तो त्याच ओल्या बोटाने टिपून तोंडात टाकला.

पेन खाली ठेवून म्हटलं, "मी सही करणार नाही."

थोरल्या बाई थेट मुख्याध्यापकांना, आमच्या मोठ्या सरांना, घेऊन आल्या. मोठे सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. बाहीवरचा शाईचा डाग चोळत गोड आवाजात म्हणाले, "गुणपत्रकाचं पाकीट पाच वाजता जायचंय. तुमचं नेमकं दुखतंय कुठे?"

मी इस्त्रीचं सांगितलं.

"एवढंच? मग पाचाचे तेरा करा. झाली पास. करा सही."

"पण सर, तिला ऐकलंय कुणी?"

"तुम्हाला मुलगी पास करायचीय की परीक्षा घ्यायचीय?"

आणि मी सही केली. एका लेकराचं भलं केलं म्हणून मन निवायला हवं होतं. वाटलं मात्र कुणाचं तरी उष्टं गिळल्यासारखं.

बाहेर आले तर इस्त्री व्हरांड्यात उभी. केस चापून बसवलेले, गणवेशाची घडी कागदासारखी कडक.

"बाई, माझी तोंडी कधी? तीन दिवस तयारी करून येतेय."

"झाली गं. पास झालीस तू. तेरा मिळाले."

ती हसेल असं वाटलं होतं.

"मी बोलायच्या आधीच?"

मी माझ्या पेनाचं टोपण लावलं.

"न धुतलेला शर्ट घडी घालून परत दिला ना बाई, तर बाबा मला काउंटरला उभं करणार नाहीत," ती म्हणाली. "आधी ऐका. मग द्या."

"आणि कमी पडले तर?"

"तर कमी द्या."

मी तिचा हात धरून ऑफिसात गेले. पाकिटाचा डिंक अजून ओला होता. ते उघडलं, पत्रक काढलं आणि माझ्या सहीवर आडवी रेघ मारली.

"उशिराचा ठपका तुमच्या नावावर जाईल," मोठे सर म्हणाले.

"जाऊ द्या. आता बसा आणि ऐका."

"नाटकी!" दारातून थोरल्या बाई म्हणाल्या.

पांढऱ्या कपड्यावरचा तेलाचा डाग कसा काढायचा, हे इस्त्रीने इंग्रजीत सांगितलं. आधी कोरडी पावडर, मग साबण, गरम पाणी सगळ्यात शेवटी. दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा हातवारे करून निभावलं. मध्येच मोठ्या सरांनी बाही पुढे केली आणि इंग्रजीतच विचारलं, "आणि शाईचा?" तिने तोही सांगितला. मी सतरा लिहिले.

मग दुसऱ्या मुलाला बोलावलं. लेखी बहात्तर, पत्रकात तोंडी अठरा. मी इंग्रजीत विचारलं, "काल घरी काय केलंस?" पोर घामाघूम झालं, बुटांकडे बघत राहिलं, आणि एका दमात गाईवरचा पाठ केलेला निबंध म्हणू लागलं.

त्याच्या नावापुढचे अठरा माझ्याच अक्षरात होते.