शंभर मीटर आणि बाकीचे पाणी

मित्रांनो, मनगटावर किंवा भिंतीवर मला कधी जागा मिळाली नाही. काळ्या दोरीला लटकत माणसाच्या छातीवर राहायचे, एवढेच माझ्या नशिबी. मी एक जुने, चावीचे स्टॉपवॉच आहे. माझ्या डोक्यावरची कळ एकदा दाबली की काटा धावतो, पुन्हा दाबली की थांबतो आणि तिसऱ्यांदा दाबली की मुकाट्याने शून्यावर येतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या एका बाईंनी माझ्या पोटात केसाएवढी बारीक स्प्रिंग बसवली, मला कानाशी धरले आणि शेजारणीला म्हणाल्या की हे चोख निघाले. जगात आल्याआल्या कौतुक झाले, त्यामुळे मी जरा शेफारलेच.

पोहायला शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी मला विकत घेतले. त्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणत. त्यांचा पंचवीस मीटरचा तलाव, निळ्या फरशा, क्लोरीनचा वास आणि काठावर उभा केलेला काळा फळा, हेच माझे जग झाले. सर त्या फळ्यावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे खडूने एक आकडा लिहीत. शंभर मीटर तेवढ्या वेळात पोहायचे. आकडा गाठला की तो पुसून खालचा आकडा लिहिला जाई.

फळ्यावर पहिले नाव सरांच्या मुलीचे असे. अंगाने किरकोळ, पाय मात्र लांबसडक, म्हणून तिला सगळे ‘बेडकी’ म्हणत. सहाव्या वर्षी ती शंभर मीटरला दोन मिनिटे वीस सेकंद घेत होती. पुढची आठ वर्षे सरांनी लिहावे आणि बेडकीने गाठावे, असे चालले. सरांचे घड्याळ आणि सरांची पोर, दोन्ही चुकत नाहीत, असे लोक म्हणत. सरांच्या छातीवर बसून ते ऐकताना माझी टिकटिक वाढल्यासारखी वाटे.

एका सकाळी तिने एक मिनिट चार सेकंदांत अंतर कापले. त्या वर्षासाठी लिहिलेल्या आकड्यापेक्षा एक सेकंद कमी. त्यांनी वाकून मला तिच्या डोळ्यांपुढे धरले. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. आनंदाने पाहणारी मुले मला माहीत होती, रडवेली झालेलीही माहीत होती. ही मात्र चुकीच्या स्टेशनवर उतरलेल्या माणसासारखी पाहत होती.

आता काय करायचे, असे तिने विचारले. सरांनी खुशीत फळा पुसून एक मिनिट दोन सेकंद लिहिले. ते झाल्यावर काय, असे तिने विचारले. सर म्हणाले, मग एक मिनिट.

“आणि हे सगळं कशासाठी, बाबा?”

कोपर कसे वळवावे, श्वास कधी घ्यावा, लाथ कुठून मारावी, याची उत्तरे त्यांच्या जिभेवर असत. याचे नव्हते. शेवटी ते म्हणाले, “जिंकायला. आणखी कशाला?”

बेडकीने मान डोलावली. वडिलांचा शब्द मोडायचा नाही म्हणून ती आणखी दोन महिने आली आणि मग यायची थांबली. सर रागावले नाहीत. फळ्यावरची पहिली ओळ मात्र त्यांनी रिकामी ठेवली. ओल्या फडक्याने फळा पुसतानाही ते त्या ओळीला वळसा घालून पुसत.

पुढे तलावावर आकडे उमटणारी नवी घड्याळे आली आणि मी सरांच्या घरी, जेवणाच्या टेबलाच्या खणात जाऊन पडले. सोबतीला संपलेले सेल, दोऱ्याची रिळे आणि कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच आठवत नाही अशा किल्ल्या. शेवटच्या दाबाला माझा काटा सतरावर थांबला होता आणि मग चावीही उतरत गेली. अकरा वर्षे तो तिथेच होता. माणसाच्या अंगठ्याची ओढ काय असते, हे मला त्या खणात कळले.

ऐकू मात्र सगळे येई. बेडकी परीक्षा पास झाली, पाण्याच्या नळांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत लागली, बढत्या मिळवत गेली. दर वर्षी ती कागदावर काय काय गाठायचे ते लिहून काढी आणि गाठूनही दाखवी. एकदा मटार सोलता सोलता ती आईला म्हणाली, ठरवलेले सगळे होते, दोन दिवस बरे वाटते, मग पुन्हा तसेच. आई म्हणाली, “तू ठरवतेस खूप गं. तुला काय हवंय, ते कधी विचारतेस का स्वतःला?” वर बराच वेळ दाणे ताटलीत पडत राहिले.

मग सरांना झटका आला. डावे अंग लुळे पडले, जीभ जड झाली. पाण्यात व्यायाम करा, असे डॉक्टरांनी सांगितले. सर तयार होईनात. ज्या काठावर आपण ताठ उभे राहायचो, तिथे आता असे जायचे नाही, असा त्यांचा हट्ट. शेवटी एकदाचे, घड्याळ बरोबर असेल तर येतो अशा अर्थाने, त्यांनी खणाकडे बोट दाखवले. बेडकीने मला बाहेर काढले, पदराने पुसले, चावी दिली. स्प्रिंग अजून शाबूत होती, माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

दुपारी तलाव रिकामा होता. मला शिडीच्या दांडीला अडकवून तिने सरांना पाण्यात उतरवले. गावभरच्या पोरांना पोहायला शिकवणारा तो माणूस काठ घट्ट धरून उभा राहिला. त्याने माझ्याकडे बोट केले, वेळ लाव म्हणून. बेडकीने नकारार्थी मान हलवली. त्यांना उताणे करून ती त्यांच्या पाठीखाली तळहात धरून थांबली. किती थांबली ते मला सांगता येणार नाही, कारण माझी कळ कुणी दाबलीच नव्हती. हळूहळू सरांचे खांदे सैल झाले. तिने हात अलगद काढून घेतला आणि सर पाण्यावर तरंगत राहिले.

छताकडे पाहत, एकेक शब्द शोधत ते बोलले, “लहानपणी मी तोतरा होतो. पाण्यात बोलावं लागत नाही. म्हणून जायचो.” आणि थोड्या वेळाने, “हे तुला सांगायचं राहिलं. मी आकडेच सांगत बसलो.”

घरी आल्यावर तिने आईपुढे तळहात धरला. “बाबांचं ओझं इथून पाण्यावर गेलं, आई. मला ते हाताला कळलं. मला हेच करायचंय.”

त्यानंतर कचेरीला जाण्याआधी रोज एक तास, पाण्याची भीती वाटणारी मोठी माणसे तिच्याकडे येऊ लागली. फळ्यावर ती काही लिहीत नसे. पाण्यात कशासाठी यायचे आहे, एवढेच विचारी आणि उत्तर येईपर्यंत थांबे. काहींना आठवडा लागे. पोस्टातल्या एक बाई म्हणाल्या, “नात पाण्यातून हाका मारते आणि मी काठावर टॉवेल धरून बसते. मला कंटाळा आलाय खुंटी होण्याचा.” सगळे हसले, काठावर खुर्ची टाकून रोज वर्ग पाहायला बसणारे सरसुद्धा.

त्या दिवशी बेडकीने खडू हातात घेतला. बाईंच्या नावापुढे लिहिले, तरंगणे, दहा सेकंद. आणि इतक्या वर्षांनी माझी कळ दाबली गेली. मी अकरा मोजले. बाई धडपडत उभ्या राहिल्या, नाकातोंडातले पाणी पुसत किती झाले ते विचारले आणि लगेच पुन्हा आडव्या झाल्या. मित्रांनो, आकड्यांवर माझा राग नाही, माझे पोटच त्यांच्यावर चालते. पण तोच खडू, तोच फळा असूनही यावेळी आकडा वेगळा वाटला, कारण तो कशासाठी आहे हे त्या बाईंना आधीच ठाऊक होते.

सर दोन वर्षे त्या खुर्चीत बसायला आले. मग खुर्ची मिटून भिंतीला लावली गेली. काही दिवसांनी, वर्ग भरायच्या आधी बेडकी एकटी आली. मला शिडीला अडकवून ती पाण्यात उतरली. सरळ पट्ट्यात पोहली नाही, तिरकी, आडवी, मनाला येईल तशी पोहली. मधेच उताणी होऊन नुसती पडून राहिली. मी पाण्याचा आवाज ऐकत होते. सर हवे होते, असे सारखे वाटत होते.

आता मी मिनिटाला चार सेकंद मागे पडते. माझे सुटे भाग मिळत नाहीत, असे घड्याळजी सांगतो. तुमच्या घरातही कुठल्या खणात माझ्यासारखे कुणी पडले असेल. त्याला अधूनमधून चावी द्या, दमट जागेत ठेवू नका. आणि ते कुणावर रोखण्याआधी, मग ते मूल असो की तुम्ही स्वतः, शेजारी बसून विचारा की पाण्यात कशासाठी उतरायचे आहे. उत्तर यायला वेळ लागेल. तो मोजू नका.