डोळ्यामागचा फुगा

दांडीच्या किनाऱ्यावर जानू तांडेलाइतका हेकट माणूस शोधूनही सापडला नसता. अणुकेंद्राची चिमणी आणि देवळाचा कळस एका रेषेत आले, की खडक चुकवून बोट आत घ्यायची, हे त्याचं कायमचं गणित. त्या दिवशी मात्र त्याला दोन्ही दोन-दोन दिसले. त्यानं कुणाला चकार शब्द न सांगता त्यातली एक जोडी निवडली आणि बोट सरळ खडकावर घातली. घरी येऊन धुक्याला शिव्या दिल्या. बाहेर तर लख्ख ऊन पडलं होतं. त्याची बायको मंजुळा त्याला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेली.

वर्षापूर्वी त्याच्या डाव्या डोळ्यामागच्या रक्तवाहिनीला मोठा फुगा आला होता, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी आत स्टेंट बसवला होता. रक्त स्टेंटमधून वाहील आणि फुगा हळूहळू सुकेल, असं ते म्हणाले होते. सुकणं राहिलं बाजूला, तो वाढला. आता ती रक्तवाहिनीच बंद करायला हवी होती. डॉक्टरांनी आधी ती थोडा वेळ बंद करून पाहिली, तर जानूचा उजवा हात लुळा पडला, बोलणं थांबलं. म्हणून पायातली शीर काढून मेंदूकडे रक्ताला दुसरी वाट करून द्यायची आणि मगच ती बंद करायची, असं ठरलं. एवढं करूनही हात आणि वाचा जाण्याची भीती होतीच. नाही केलं, तर फुगा कधीही फुटणार.



"हात गेला तं मना घरी नको नेऊ," जानू मंजुळाला म्हणाला. "किनाऱ्यावर बसून दुसऱ्याची बोट बघनं मना जमनार नाय."

"नाय नेनार."

बाजारात मासळी विकताना मंजुळा हजारदा खोटं बोलली होती. नवऱ्याशी हे पहिलंच. तिला तो फक्त जिवंत हवा होता.

ऑपरेशन झालं, फुगा बंद झाला. डॉक्टर खूश होते. जानूनं डोळे उघडले, तेव्हा उजवा हात चादरीवर पडून होता. त्यानं तो डाव्या हातानं उचलला आणि सोडून दिला. हात धपकन खाली पडला. ओठ हलले, पण शब्द निघाला नाही. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं तिला सोसवेना.

"खोटं बोलली मी," ती म्हणाली. "घरीच नेनार हाय."

जानूनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मंजुळा उठली नाही. त्याचा लुळा हात मांडीवर घेऊन ती चोळत बसली, आणि त्या हाताला काहीच कळत नव्हतं.