घरातला आवाज

दुकानातल्या मुलीनं तीन फोन काउंटरवर ओळीनं मांडले आणि कॅमेऱ्यापासून सुरुवात केली. मास्तरांनी तिला मध्येच थांबवलं.

"फोटोचं राहू दे. यातून बोललेलं रस्त्यापर्यंत ऐकू जातं का, तेवढं सांग."

मुलीला काही कळेना. मग मास्तरांच्या लेकीनं समजावून सांगितलं. आईच्या घशाचं ऑपरेशन येत्या मंगळवारी होतं. आजार वेळेत सापडला होता, डॉक्टरांना काळजी वाटत नव्हती, पण स्वरयंत्र काढावं लागणार होतं. पुढे दुसऱ्या पद्धतीनं बोलायला शिकता येईल, पण त्याला वेळ लागेल. म्हणून हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्टनं एक सोय सुचवली होती. आईनं आत्ताच रोजची वाक्यं आपल्या आवाजात बोलून ठेवायची आणि फोनच्या पडद्यावर प्रत्येक वाक्याचं एक बटण करायचं. बटण दाबलं की आईचा आवाज.

"आणि आई कुठे आहेत?"

"इथेच आहे," स्टुलावर बसून फोनची कव्हरं चाळणाऱ्या बाई म्हणाल्या. "मला वगळून काय चाललंय, तेच ऐकत होते."

मास्तर लेडीज टेलर होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन होतं. बाई निवृत्त होईपर्यंत बसस्थानकावर घोषणा करायच्या. कोणती गाडी कुठे लागली, कोणती उशिरा येणार, हे शहराला त्यांच्याकडून कळायचं. त्यांना चेहऱ्यानं ओळखणारे थोडे होते, पण भाजी घेताना तोंड उघडलं की लोक वळून बघायचे. आता त्या आवाजात खरखर आली होती, तरी तो त्यांचाच होता.

तिन्ही फोनवर बाईंकडून एकच वाक्य बोलून घेतलं. मास्तर बाहेर जाऊन फुटपाथवर उभे राहिले आणि तिथूनच हात हलवून वाजवायला सांगू लागले. पहिला फोन देखणा आणि पातळ, पण रहदारीत त्याचं डासासारखं गुणगुणणंच ऐकू आलं. दुसरा मोठ्यानं बोलत होता, पण पत्र्यावर खडे पडावेत तसा. तिसरा जाड होता. त्यातला शब्द न् शब्द बाहेर पोचला.

"बाबा, ही वीट आहे नुसती," लेक म्हणाली. "कॅमेराही यथातथाच."

"पातळ घेऊन काय करू? अस्तर लावायचंय का?"

जाड फोनची बॅटरी जास्त चालते, दुकानातल्या मुलीनं भर घातली. त्याचा पडदाही रुंद होता, चष्म्याशिवाय बोट ठेवता येईल एवढी बटणं त्यावर मावत होती. मास्तरांनी खिशातून टेप काढून फोनचं माप घेतलं. बाईंच्या प्रत्येक गाऊनला त्या मापाचा खिसा लावायचा होता.

"माझ्या तोंडाचं माप इतकी वर्षं कुणी घेतलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

रेकॉर्डिंग शुक्रवारी झालं. लेकीनं थेरपिस्टच्या सगळ्या सूचना पाळल्या. फोन फ्लाइट मोडवर टाकला, म्हणजे मध्येच कुणाचा कॉल येणार नाही. पंखा आणि फ्रिज बंद केला. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला धरला, म्हणजे श्वास त्यावर आपटत नाही. जागा मास्तरांच्या खोलीतलीच निवडली, कारण तिथे चहूकडे अर्धवट शिवलेले ड्रेस लटकत होते आणि कापडामुळे आवाज घुमत नाही. बाईंनी पाठ ताठ केली, एकदा घसा ओला केला आणि वाक्यं बोलून टाकली. एकही पुन्हा घ्यावं लागलं नाही. लेकीनं बटणं बनवली, सगळ्याची एक प्रत स्वतःच्या फोनवर घेतली आणि रविवारी येते म्हणून ती आपल्या घरी गेली.

संध्याकाळी मास्तर मशीनवर होते. बाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी मुद्दामच हाक न मारता बटण दाबलं.

"चहा तयार आहे. कृपया आत या."

मशीनच्या खडखडाटातही वाक्य स्पष्ट ऐकू आलं. फोन चांगला निवडला होता. मास्तर उठले, आत गेले, चहा प्यायले. काहीतरी सलत होतं. बाई गच्चीवरचे कपडे काढायला गेल्या तेव्हा मास्तरांनी सगळी बटणं एकेक करून दाबली. मला पाणी हवे आहे. खिडकी बंद करा. मला वेदना होत आहेत. सगळं एकाच चालीत, शब्द सुटे सुटे, शेवट किंचित वर उचललेला. वेदना होत आहेत हे ऐकून आता फलाट बदलला असेल असं वाटावं.

घरात बाई अशा कधीच बोलत नसत. घरात त्या अर्धे शब्द गिळायच्या, वाक्य संपायच्या आधी हसायच्या, "अहो" एवढ्याच शब्दात चिडलेल्या आहेत की लाडात आहेत ते कळायचं. ती बाई या फोनमध्ये कुठेच नव्हती. आणि मंगळवारनंतर ती कुठेच मिळणार नव्हती.

सांगावं कसं, हे मास्तरांना सुचेना. डॉक्टरांनी बाईंना कमी बोलायला सांगितलं होतं. शिवाय वाक्यं एका दमात झाल्याचा त्यांना किती अभिमान वाटला होता, ते मास्तरांनी पाहिलं होतं. मग जे करू नये ते त्यांनी केलं. शनिवारी दुपारी रेकॉर्डिंग सुरू करून फोन कापडाच्या चिंध्यांखाली लपवला आणि विनाकारण भांडण काढलं.

"आमटी अळणी होती आज."

"तुम्ही दोनदा घेतलीत," बाई म्हणाल्या. आणि मग त्यांना अस्तराच्या पातळ चिंधीखालून पडद्याचा उजेड दिसला. त्यांनी कापड उचललं.



"चोरून?" बाई म्हणाल्या. "मागितलं असतं तर दिलं नसतं का?"

"काल फोननं चहाला बोलावलं," मास्तर हळूच म्हणाले. "मी आलो. पण मला वाटलं, सामान घेऊन रांगेत उभं राहायचंय."

बाईंचा चेहरा उतरला. "सगळ्या शहराला चालला तो आवाज."

"शहराला चालू दे. मी शहर नाही."

बाई मशीनशेजारच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी फोन मांडीवर उलटा ठेवला. "दुसरा कुठून आणू? माइक समोर आला की तोच येतो. घरात मी कशी बोलते ते तुम्हाला माहीत. मी थोडंच ऐकलंय?"

हे मास्तरांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी लेकीला फोन लावला. आधी दोघांनाही बोलणी बसली, मग तिनं उपाय सांगितला. वाक्यं बोलायचीच नाहीत. रेकॉर्डिंग सुरू करून फोन समोर ठेवायचा, पडदा आपोआप बंद होऊ द्यायचा आणि आपलं काम करत राहायचं. आईनं थोडं बोलायचं, मध्ये पाणी प्यायचं, विश्रांती घ्यायची. कामाचे तुकडे ती नंतर कापून काढेल.

"कापणं तर आपल्या घरचंच काम आहे," मास्तर म्हणाले.

फोन टेबलावर, दोघांच्या मध्ये, उघड दिसेल असा ठेवला. मशीनचा आवाज नको म्हणून मास्तरांनी कापायला कापड घेतलं. बाईंनी घसा साफ केला.

"आज आपण काय शिवत आहात?"

"गाडी क्रमांक सांगा," मास्तर म्हणाले.

बाई हसल्या, पण पुढचं वाक्यही स्थानकावरूनच आलं. त्याच्या पुढचंही. मग त्या गप्प बसल्या. मास्तर फोनकडे बघत खडू ओढत राहिले, कात्री हातात घेतली आणि पहिला काप दिला.

"अहो, अहो, थांबा. उलट्या बाजूनं कापताय ते."

मास्तरांनी खाली पाहिलं. खरंच उलटं होतं. पाठीचा भाग वाया गेला होता, आणि कापड गिऱ्हाइकाचं होतं.

"लक्ष कुठंय तुमचं? सरका बघू. आता यातनं बाह्या तरी निघतायत का... द्या इकडे. आणि हसताय काय?"

"बोल तू," मास्तर म्हणाले.

मग ती दुपार आपोआप पुढे गेली. बाहीचं कापड पुरेल की नाही, समोरच्यांचं मांजर परत पायरीवर कसं बसलंय, लेक फोनवर किती तोऱ्यात बोलते, ऑपरेशनच्या दिवशी मास्तर वेळेवर जेवतील की नाही. बाई बोलत, थांबत, घोटभर पाणी पीत, परत बोलत. खोकला आला तर येऊ देत. फोनकडे कुणी पाहिलंच नाही.

रविवारी लेकीनं कानाला हेडफोन लावून तुकडे काढले. काही तुकड्यांत कात्री वाजत होती, एकात मांजर होतं. "ही खरखर साफ करता येईल," ती म्हणाली. मास्तर नको म्हणाले. बाईंनी स्वतः हेडफोन लावला आणि बराच वेळ ऐकलं.

"अशी बोलते मी?"

"अशीच," बापलेक एकदम म्हणाले.

"किती घाई असते मला," बाई म्हणाल्या आणि परत ऐकू लागल्या.

शुक्रवारची वाक्यं लेकीनं पुसली नाहीत. तिनं दोन पानं केली. पहिल्या पानावर बाहेरच्यांसाठी स्थानकाचा आवाज, दुसऱ्यावर घरच्यांसाठी हा. बॅटरी वाचवणारी सेटिंग तिनं बंद केली, नाहीतर ऐन वेळी ॲप झोपी जातं.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे पार पडलं. बाईंना वॉर्डात आणल्यावर, नीट जाग आल्यावर, लेकीनं फोन त्यांच्या हातापाशी टेकवून धरला. नर्स आली तेव्हा बाईंनी पहिल्या पानावरचं बटण दाबलं. "कृपया माझी उशी थोडी वर घ्या." नर्स क्षणभर सावधान उभी राहिली आणि मग तिनं उशी वर घेतली.

नर्स गेल्यावर बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. पान बदललं. बोट पडद्यावर फिरत राहिलं आणि एका ठिकाणी टेकलं.

"अहो, जेवलात का? खरं सांगा."

मास्तरांनी सगळं नीट ऐकलं होतं. मागची कात्रीसुद्धा.

"काय?" ते म्हणाले.

बाईंनी परत दाबलं.

"ऐकू नाही आलं गं."

तिसऱ्यांदा दाबल्यावर शेजारच्या पलंगावरच्या आजी म्हणाल्या, "अहो भाऊ, जेवलात का म्हणून विचारतायत त्या."

"हो, ऐकलं," मास्तर म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग अंगठ्यानं फोनच्या कडेचं बटण दाबून आवाज पार वर नेला आणि तेच वाक्य पुन्हा लावलं. वॉर्डातल्या दोघीतिघींनी माना वळवल्या.

"नाही जेवलो," मास्तर म्हणाले आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली. "बोल पुढे."

बाईंचं बोट पुढचं बटण शोधू लागलं.