कुर्म्यातले दिवस

मंगलीबाईंनी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरची फाइल उचलली, न उघडताच सुनेच्या मांडीवर आपटली आणि विचारलं,

"नॉर्मल म्हंजे काय?"

"म्हणजे दोघांतही दोष नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चंचलच्या नळ्या मोकळ्या आहेत, रक्ताच्या तपासण्या चांगल्या आहेत. सुकलूचा रिपोर्टही चांगला आहे."

"सहा वर्सं झाली लग्नाले. दोष नाई त लेकरू काऊन नाई?"

"काही जोडप्यांत कारण सापडत नाही."

"कसं सापडत नाई? असलाच पायजे. नीट पाहा."

दोष निघावा म्हणून इतक्या आशेने कुणी गडचिरोलीपर्यंत बस बदलत येत नसेल. पण मंगलीबाईंना दोष हवाच होता, आणि तो सुनेतच हवा होता. सुकलूसाठी त्यांनी दुसरी मुलगी बघून ठेवली होती, धानोऱ्याच्या अलीकडच्या गावातली दिव्या. गावच्या पंचांनी मात्र अडवलं होतं. पहिलीला काय झालंय ते आधी डॉक्टरकडून कळू द्या, मग दुसरीचं बोला, असं त्यांचं म्हणणं. होळीनंतर लग्न उरकायचं तर होळीआधी दोष हाती पडायला हवा होता, आणि इथे ही बाई दोघांनाही धडधाकट ठरवून मोकळी झाली होती.

सुकलू आईच्या खुर्चीमागे उभा राहून पंख्याकडे बघत होता. धानाचं पोतं एकट्याने उचलणारा हा माणूस. गावच्या जत्रेत देव त्याच्याच खांद्यावर असे. पण आईच्या मागे दोन पावलं, हा त्याचा कायमचा पत्ता होता.

"तुम्ही दोघं जरा बाहेर बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मंगलीबाई उठल्या. उजवा पाय ओढत, फरशीवर चप्पल घासत त्या बाहेर गेल्या. मागोमाग सुकलूही गेला.

"पाळी नेमाने येते असं तू पहिल्यापासून सांगतेस," डॉक्टरीणबाईंनी चंचलला विचारलं. "नेमाने म्हणजे किती दिवसांनी?"

"तीन आठवडे झाले का दुसऱ्या दिवशी येतेच जी. चुकत नाई."

"आणि सोनोग्राफीला मी दरवेळी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलावते. तू दहा-बारा दिवसांनी उगवतेस. का?"

"त्या दिवसांत मी कुर्म्यात असते. तवा गाडीत बसाचं नसते."

कुर्मा म्हणजे गावाबाहेरची कुडाची झोपडी. पाळी आली की बायांनी तिथे जाऊन राहायचं. डॉक्टरीणबाईंना हे ठाऊक होतं, पण आजवर त्यांनी त्यापुढे विचारलं नव्हतं.

"किती दिवस असतेस तिथे?"

"बाकीच्या बाया पाच. मी नऊ."

"तूच का नऊ?"

"आमच्या घरी देव आहे. हे खांद्यावर घेतेत त्याले. सासू म्हणते, आपल्या घरचा नेम कडक."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"अगं, तुझी पाळी लवकर येते, म्हणजे तुझं बीजही लवकर सुटतं. आठव्या दिवसाच्या आसपास. त्याआधीच्या चार-पाच दिवसांत नवराबायको एकत्र आले तर मूल राहायचं. तू घरी पोचतेस तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं." त्यांचा आवाज चिडका झाला होता. तो राग त्यांचा स्वतःवरच होता. "मीही दरवेळी तेच बघत आले. बीज सुटलंय, सगळं ठीक आहे. आणि नॉर्मल लिहीत आले."

चंचलला आधी हसू आलं. सहा वर्षं. वैदूची मुळी, उपासतापास, नळ्यांत औषध सोडताना आलेली ती मरणाची कळ, बारशाच्या घरातून तिच्यासमोर हळूच उचलून नेलेली पोरं. आणि कारण काय, तर चार दिवस. मग तिचं हसू विरलं आणि असा संताप आला की मांडीवरची फाइल तिने दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावून सगळं परत समजावून सांगितलं. औषध नाही, सुई नाही. तिला पाचव्या दिवशी घरी आणा, दोन-चार महिने एवढंच करून बघा.

मंगलीबाईंनी सगळं मन लावून ऐकलं. हळूहळू त्यांचा चेहरा खुलला.

"म्हंजे हिचेच दिवस लवकर येतेत. बाकीच्या बायांचे नाई येत असे."

"तो दोष नाही हो."

"मंग काय गुण आहे?" मंगलीबाईंनी चंचलच्या मांडीवरची फाइल उचलली आणि या वेळी नीट पिशवीत ठेवली. "मी म्हणत होती ना, असलाच पायजे. निघाला. आणि देवाचे नेम डॉक्टरनं नाई बदलत, बाई."

बसस्टँडवर मंगलीबाई पाणी प्यायला नळाकडे गेल्या, तेवढ्यात चंचलने सुकलूला गाठलं.

"तुमी काय म्हणता?"

सुकलूने नळाच्या दिशेने बघितलं.

"माय सांगन तसं."

दुसरं काही बोलला असता तर चंचललाच नवल वाटलं असतं.

पुढच्या पाळीला ती कुर्म्यात गेली, तेव्हा होळी तोंडावर आली होती, आणि दोष सापडल्याचं मंगलीबाईंनी पंचांना आणि दिव्याच्या घरी कळवूनही टाकलं होतं. त्या झोपडीला कुणी शहाणा माणूस चांगलं म्हणणार नाही. पावसाळ्यात छप्पर गळतं, कुडाच्या फटींतून विंचू येतात, एकदा तर कोपऱ्यात नाग निघाला होता. जेवण घरून यायचं. आणणाऱ्याने ते समोरच्या सपाट दगडावर ठेवायचं आणि मागे सरायचं. लग्नानंतर पहिलं वर्षभर चंचल तिथे रडली होती. पाच दिवसांनी बाकीच्या बाया न्हाऊन घरी जायच्या आणि ती एकटी मागे उरायची.

पण नंतर नंतर तिला तीच जागा आवडायला लागली. खरं सांगायचं तर तिथे तिला झोप लागायची. तिथे कुणी वांझ म्हणत नव्हतं. शेजारच्या आळीतली सोमारी असली की नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, पाटलाच्या अशा नकला करायची की हसून पोट दुखायचं. आणि शेवटचे ते चार दिवस, कुणाचं तोंड बघायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही, यांची ती वाट बघायची. कधी नववा दिवस उजाडला तरी अजून अंग मोकळं झालं नाही असं सांगून ती आणखी एक रात्र काढायची. हे ती कुणाला सांगणार होती? ज्या दिवसांत ती सुखाने घोरत पडली होती, त्याच दिवसांनी तिचं मूल गिळलं होतं. या वेळी तिला तिथेही झोप आली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी बाकीच्या निघाल्या. न्हाऊन आलेली सोमारी जाता जाता दगडापाशी थांबली.

"तू बी चाल ना. डॉक्टरनं सांगतलं ना तुले?"

"घरचे घ्याले आले पायजेत."

"आपल्या पायानं जा. वाट मालूम नाई का तुले?"

"आपल्या मनानं गेली, आन उद्या घरात बैलाले ताप आला, तरी माह्याच नावावर येईन. लेकरू झालं आन दुखलं, तरी माह्याच नावावर. ते नाई पायजे मले. त्यायनंच न्यावं."

सोमारीला ते पटलं असावं. ती गावाच्या वाटेला लागली.

चंचलने गोधडी, ताटली आणि पाण्याचा गडवा एका लुगड्यात घालून गाठोडं बांधलं, वर दोन गाठी मारल्या आणि ते दाराशी ठेवलं. दुपारी मंगलीबाई भात घेऊन आल्या. भात दगडावर ठेवताना त्यांनी गाठोडं पाहिलं. पाहिलं न पाहिल्यासारखं करून त्या चप्पल घाशीत परत गेल्या. सहाव्या दिवशीही तसंच झालं. चंचलला मूल हवं होतं, इतकं हवं होतं की दगडावरचा भात ती तसाच ठेवायची. रात्री अंगावर घ्यायला गोधडी लागायची, तरी तिने गाठोडं सोडलं नाही. ती तशीच थंडीत कुडकुडत बसली.

सातव्या दिवशी दुपारी सोमारी लगबगीने आली आणि दगडाच्या पलीकडूनच सांगू लागली.

"दिव्याच्या घरून नकार आला. पोरगीच नाई म्हणते. दोष दिवसाचा आहे त दिवस बदला म्हणे, बायको काऊन बदलता? गावात सारे हसून राह्यले. तुही सासू सकाळपासून कोनाशी बोलली नाई."

चंचलने ती मुलगी कधी पाहिली नव्हती. पण त्या क्षणी ती समोर असती तर तिने तिच्या पायांना हात लावला असता.

दिवस कलला तेव्हा पाचोळ्यात ती ओळखीची चप्पल वाजली. सागाची पानं गळायचे दिवस होते, साऱ्या वाटेवर वाळकी पानं पसरली होती. मंगलीबाई दगडापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात भात नव्हता. पुरुषांनी कुर्म्याकडे फिरकायचं नसतं, म्हणून सुकलू मागे मोहाच्या झाडाखाली खाली मान घालून थांबला होता.

"उठ. घरी चाल," मंगलीबाई म्हणाल्या.

"नऊ कुठी झाले अजून?"

"देवाले विचारलं मी. चालते म्हणे."

"कधी विचारलं?"

"आज."

"सहा वर्सांत आजच?"

मंगलीबाईंनी पदर सारखा केला. देव इतका लवकर हो म्हणतो हे त्यांनाही आजच कळलं असावं. पण मऊ व्हायचं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"तोंड चालवू नको. अंधार पडला का न्हाऊन मागच्या दारानं ये. कोणाले सांगू नको."

चंचल उठली. गाठोडं दोन्ही हातांत घेऊन ती दगडापर्यंत आली आणि तिने ते दगडावरून त्यांच्यापुढे धरलं.

"मागच्या दारानं नाई येत मी. चोरून आली का उद्या मीच चोर. त्यायले म्हणा, हे गाठोडं उचला. त्यायनं उचललं त मी मागं मागं येते, दिवसाउजेडी, समोरच्या दारानं."

मंगलीबाई झटकन मागे सरल्या, पदराचं टोकसुद्धा लागू नये अशा.

"याड लागलं का तुले? त्याच्या खांद्यावर देव असते. कुर्म्यातलं गाठोडं त्यानं शिवाचं?"

"मंग लेकरू कोन्त्या खांद्यावर घेतीन ते?"

हे ती मंगलीबाईंशी बोलली नव्हती. तिची नजर त्यांच्यावरून मोहाच्या झाडाकडे गेली होती. सुकलूने मान वर केली. चंचलचे हात जड झाले, भरून आले, तरी तिने गाठोडं तसंच धरून ठेवलं. त्याने एक पाऊलही उचललं नाही.

"आयकली हिची मिजास?" मंगलीबाई मागे वळून म्हणाल्या. "न्याले आलो त हिचा माज पाहा. पडू दे इथीच. कुजू दे. चाल रे."

चंचल आत गेली. गाठोडं खाली ठेवून त्याच्यापुढे बसली. तिला रडू आलं नाही. एवढंच वाटलं की सहा वर्षं ज्या माणसाच्या मुलासाठी अंगाला सुया टोचून घेतल्या, त्याचा हात या चार वस्तूंपर्यंतसुद्धा पोचत नाही. मग मूल झालं काय आणि न झालं काय. तिने वरची गाठ सोडली. आता गोधडी काढायची आणि नववा दिवस येईपर्यंत झोपायचं.

बाहेर मंगलीबाईंची चप्पल घासत निघाली. वाळकी पानं चुरडत, एक पाय ओढत ती गावाच्या वाटेला लागली. त्या आवाजामागे सुकलूची जड पावलं यायची, घरात, अंगणात, बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे. इतक्या वर्षांत चंचलला त्या दोन आवाजांची एकत्रच सवय झाली होती.

दुसरा आवाज आला नाही.

चप्पल बरीच लांब गेली आणि थांबली.

"सुकलू," मंगलीबाईंची हाक आली. "चाल म्हणतलं ना तुले."

मोहाखाली पान वाजलं नाही, ना गावाच्या बाजूला, ना इकडे.

चंचलचा हात दुसऱ्या गाठीवर होता. तिने ती सोडली नाही.