कंपनीची सावड

आमच्या गावात कुणी फावडं घेऊन दारात आला तर त्याला परत पाठवत नाहीत. चोर असला तरी नाही. ही रीत कुणी लावली मला माहीत नाही, पण लावणाऱ्याने कंपनी पाहिली नव्हती एवढं नक्की.

या वर्षी पाटाची काठी माझ्याकडे आहे. रंगीत लोकरीचे गोंडे बांधलेली ही काठी ज्याच्या हातात, त्याने वर्षभर पाण्याची उस्तवार करायची, भांडणं सोडवायची आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या. बायकांच्या हातात ती क्वचितच येते. माझ्याकडे आली कारण नवरा वारला आणि गावात उरलेले पुरुष एकतर म्हातारे किंवा झिंगलेले.

पेरणीच्या आधी, ऑगस्टात, आम्ही पाट साफ करतो. पाट निघतो विल्कारुमीतून. गावाच्या डोक्यावर जुन्या इंका राजांचं ते ठाणं आहे. जिन्यासारख्या डोंगर चढत गेलेल्या दगडी ताली, वर छप्पर उडालेली धान्याची कोठारं, आणि तिसऱ्या तालीच्या पोटातून वाहणारा झरा. शहरातली माणसं त्याला अवशेष म्हणतात. मेलेल्या माणसाचे असतात ते अवशेष. आमच्या बटाट्यांना आणि मेंढरांना अजून तिथूनच पाणी येतं.

कंपनीला त्या तालींवर काचेच्या जमिनीचं हॉटेल हवं होतं. पाहुण्याने अंथरुणात पडल्यापडल्या पायाखाली इंकांचे दगड बघायचे, आणि खालच्या रस्त्यावरून वर यायला तारेवरचा पाळणा. जमीन गावाची, म्हणून सभेची संमती लागते. सभेने दोनदा हात वर करून नाही म्हटलं होतं.

तर पाट साफ करायचा दिवस. दर घराला पाटाचा एक वाटा ठरलेला. पण घरात माणूस तर हवं! तरणी पोरं सगळी कुस्को शहराला. कुणी पर्यटकांच्या पिशव्या वाहतो, कुणी हॉटेलच्या चादरी धुतो, माझा भाचा तर चौकात पुठ्ठ्याचा मुकुट घालून इंका राजा म्हणून फोटो काढून घेतो. खरे इंका ज्या पाटासाठी घाम गाळून गेले, तो आम्ही चार म्हाताऱ्या उपसत होतो.

तेवढ्यात खाली ट्रक थांबला. नारिंगी हेल्मेटं घातलेली माणसं उतरली, प्रत्येकाच्या हातात नवंकोरं फावडं. पुढे विल्बर. हा आमच्याच गावचा, माझ्यासोबत पाट उपसणाऱ्या फोर्तुनाताच्या शेजारचा. लहानपणी माझ्या चुलीपुढे बसून भाजलेला मका खायचा. आता कंपनीचा माणूस.

"बासिलिया मावशी," तो म्हणाला, "आम्हालाही एक वाटा द्या की."

"तुझा वाटा तुझ्या आईच्या दारापुढचा. तो कर आणि जा."

"हे सगळे माझ्यासोबत आलेत."

"मग सोबतच घेऊन जा."

फोर्तुनाता चिखलातून ओरडली, "अगं, हेल्मेटं कशाला घातलीत यांनी? वरून बटाटे पडणार आहेत का?"

सगळे हसले, विल्बरसुद्धा. इतक्यात सातुर्निनो ताय्ता पुढे आला. ताय्ता म्हणजे बाबा, हा आमच्या सभेचा अध्यक्ष. डोळ्यांनी कमी दिसतं, पण रीत एकही विसरत नाही.

"बासिलिया, फावडं घेऊन आलेत ती पोरं."

"कंपनीची आहेत, ताय्ता."

"फावड्याला कंपनी नसते, पोरी."

आणि त्याने आपल्या बटव्यातली चघळायची कोकाची पानं ओंजळीत घेऊन पुढे केली. हेल्मेटवाल्यांनी हेल्मेटं काढून त्यात पानं घेतली. झालं. पान दिलं, पान घेतलं, म्हणजे सावड सुरू झाली. आज तू माझ्या कामाला, उद्या मी तुझ्या. आमच्याकडे सावड फेडली नाही तर माणसाचं तोंड बघत नाहीत. त्याच्या घराचं छप्पर गळलं तर गळू देतात.

काम मात्र त्यांनी चोख केलं, ते नाकारत नाही. दुपारपर्यंत पाणी गावात उतरलं. मक्याची दारू, चिचा, प्यायलो, ताय्ता नाचला. मी नाचले नाही. गोंड्यांची काठी धरून दगडावर बसले होते.

पुढच्याच सभेला विल्बर कंपनीच्या इंजिनियर उगार्तेला घेऊन आला. उगार्ते राजधानीतला, लिमाचा. आमच्या उंचीवर त्याला धाप लागायची, म्हणून तो बोलायचा कमी आणि हसायचा जास्त. विल्बरच बोलला.

"आम्ही परवानगी मागायला आलो नाही. ती तुम्ही दोनदा नाकारलीत, तुमचा हक्क आहे. आम्ही फक्त आमच्या सावडीचा दिवस मागतोय. एक रविवार. विल्कारुमीत थोडं काम आहे."

"कसलं काम?"

"तिसऱ्या तालीवरचे सैल दगड बाजूला करायचे. बस."

आमच्याकडे दुधाच्या भावावरून सुद्धा अर्धा दिवस भांडतात, आज सगळे नुसते ताय्ताकडे बघत होते.

"सैल दगड!" मी उठले. "ताय्ता, ऐकतोयस ना? ज्या तालीतून आपलं पाणी निघतं तिचे दगड आपल्याच हाताने काढायचे!"

"ऐकतोय." ताय्ता म्हणाला. "पण दिवस द्यायचा आहे, बासिलिया. त्यांनी आपल्याला दिला."

"नको होता आपल्याला!"

"पाणी प्यायलीस ना?"

प्यायले होते. अख्खं गाव प्यायलं होतं. नियम मोडायचा तर आम्ही कंपनीपेक्षा चांगले कशाने? आणि पाळायचा तर कंपनीचे हमाल. डोकं फुटायची वेळ आली. मग मला सुचलं.

"ठीक आहे. सावड फेडू. पण सावड जशाला तशी असते. छपराला छप्पर, बटाट्याच्या काढणीला काढणी, पाटाला पाट. त्यांनी आपला पाट साफ केला, आपण त्यांचा पाट साफ करू. कुठाय कंपनीचा पाट?"

सभेत जीव आला. फोर्तुनाताने तर टाळी वाजवली. "लिमात असेल! समुद्राच्या काठी! जाऊ या सगळे, इंजिनियरसाहेब तिकीट काढतील!"

उगार्तेने विल्बरकडे पाहिलं. विल्बर त्याच्या कानाशी लागला. उगार्ते हसला, मान हलवली. विल्बर म्हणाला, "कबूल. पाटाला पाट. ताय्ता, शब्द झाला ना?"

"झाला," ताय्ता म्हणाला.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. जो माणूस हरल्यावर इतक्या सहज कबूल म्हणतो तो हरलेला नसतो.

दोन दिवसांनी डोंगरावरून घरघर ऐकू आली. मी वर पोचेपर्यंत खोदायचं मशीन परत निघालं होतं. तिसऱ्या तालीची कड फोडून त्यांनी एक चर खणला होता, सरळ, रुंद, हॉटेलच्या पायाला मापून घेतल्यासारखा. तालीचे दगड त्यात कोसळून पडले होते. काहींवर मशीनच्या दातांचे पांढरे ओरखडे. काठावर फळी रोवली होती: कंपनीचा पाट. तो साफ करायचा म्हणजे तालीचे दगड आम्हीच आमच्या हाताने काढायचे.

विल्बर तिथेच होता. मी त्याच्या अंगावर काठी उगारली.

"मावशी, तुमचाच शब्द," तो म्हणाला. आणि चिडवण्यासाठी म्हणाला असता तर मी खरंच मारलं असतं. पण तो खाली बघत होता. "मला पण पोट आहे ना."

"पोट आहे तुला, मड्या, म्हणून आमच्या सगळ्यांचं पोट फाडलंस?"

तालुक्याच्या कचेरीत गेले. पुरातन वास्तूंचा साहेब जेवायला गेलेला. दुसऱ्या दिवशी गेले, तो पाहणीला गेलेला. कसली पाहणी? तर म्हणे, पर्यटन महोत्सवाच्या मांडवाची. शिपाई मला म्हणाला, "बाई, चराचा फोटो आणा." फोटो काढणारी पोरं सगळी कुस्कोला मुकुट घालून उभी.

रविवारी गाव वर गेलं. जावंच लागलं. ताय्ता सगळ्यांच्या पुढे, आंधळ्यासारखा पायाने वाट चाचपत. कंपनीने पानं ठेवली होती प्लॅस्टिकच्या तसराळ्यात, तीही आम्ही ओंजळीने घेतली. उगार्ते कॅमेरेवाल्याला घेऊन आला होता.

मी काठी चरात रोवली आणि ओरडले, "पाट साफ करायचा! जसा आपण करतो तसा! पडलेला दगड कुठे जातो?"

"जिथून पडला तिथे!" बायका ओरडल्या.

हेच आमचं पाट साफ करणं. गाळ उपसायचा, आणि काठाचा जो दगड आत घसरला असेल तो त्याच्या जागी परत बसवायचा. तोच बसवायचा, दुसरा नाही. म्हाताऱ्या माणसांनी दगड फिरवून फिरवून पाहिले, कोणता कोपरा कुणात बसतो ते. ताय्ताला दिसत नव्हतं, तो बोटांनी बघत होता. संध्याकाळ होईतो ताल पुन्हा उभी राहिली. बांधत बांधत चराच्या आडवी गेली, आणि चर बुजला. पहिल्यासारखी नाही झाली. फुटलेला दगड फुटलेलाच. इंकांची भिंत अशी सांधलेली असते की सुरीचं पातं शिरत नाही, आम्ही बांधलेला मधला भाग म्हणजे म्हाताऱ्याचे दात.

विल्बर धावत आला. "मावशी, हे काय केलंत?"

"तुमचा पाट साफ केला. सावड फिटली."

"पाटच नाही उरला!"

"इतका साफ झाला," फोर्तुनाता म्हणाली.

आम्ही खूप हसलो. या वर्षातलं शेवटचं हसू ते. कारण उगार्तेही हसत होता, आणि त्याचा माणूस फोटो काढत होता.

पुढच्या आठवड्यात खालच्या रस्त्यावर घराएवढा फलक लागला. त्यावर आम्ही. हातात फावडी, मागे विल्कारुमी, सगळ्यांत पुढे गोंड्यांची काठी घेऊन मी, तोंड उघडं, दात दिसताहेत. खाली लिहिलेलं: गाव स्वतः घडवतंय आपलं भविष्य. तोच फोटो कचेरीत संमती म्हणून लागला. तिसऱ्यांदा सभा घेतली, तिसऱ्यांदा सगळ्यांनी नाही म्हणून हात वर केले, तो ठराव घेऊन मी साहेबापुढे उभी राहिले. या वेळी तो जेवायला गेला नव्हता. त्याने एकदा ठरावाकडे पाहिलं, एकदा फोटोकडे.

"बाई, यात तर तुम्ही हसताय."

काय सांगू त्याला? कशावर हसले ते?

आज सकाळी मशीन परत आलं. आम्हाला खालच्या रस्त्याने जाणाऱ्या एका ट्रकवाल्याने आधीच सांगितलं होतं, म्हणून आम्ही उजाडताच वर जाऊन तिसऱ्या तालीवर ओळीने बसलो होतो. गवतावर हिम. ताय्तालाही आणलं होतं, पाठीवर घोंगडी टाकून. मशीन चढत आलं आणि आमच्यापुढे थांबलं. चालवणारा खाली उतरला. दरीपलीकडच्या गावचा, क्लेमेंते नाव, उन्हाने रापलेला, आमच्यासारखाच. टोपी काढून, दोन्ही हातांनी पुढे धरून तो माझ्यापाशी आला.

"ताई, भेट झाली आहे तर पान द्या. थंडी फार आहे."

आमच्या डोंगरात भेटलेल्याला पान देतात. वैऱ्याला देतात. प्रेताला पोचवून परत येताना सुद्धा वाटेत भेटलेल्याला देतात. माझा हात सवयीने बटव्यात गेला. बोटांना पानं लागली. आणि मला ती नारिंगी हेल्मेटं दिसली, उलटी धरलेली.

मी हात बाहेर काढला. रिकामा.

"नाही देणार."

फोर्तुनाताने माझ्याकडे चमकून पाहिलं. क्लेमेंतेला वाटलं ऐकू आलं नाही. टोपी त्याने आणखी पुढे केली.

"ताई, पान मागतोय."

"कळलं मला. नाही देणार."

त्याचा चेहरा असा झाला की मी आयुष्यात कुणाचा तसा केला नव्हता. "आमच्या गावात कुत्र्याला सुद्धा..." एवढं बोलून तो थांबला. टोपी डोक्यावर घातली. उगार्ते खालून ओरडत होता, चालू कर, चालू कर. क्लेमेंतेने मान हलवली. "जमीन ज्यांची त्यांच्या हातचं पान घेतल्याशिवाय मी मातीत दात घालत नाही, साहेब. माझ्या भावाने घातले होते. मशीनसकट दरीत गेला." आणि तो मशीनच्या सावलीत जाऊन बसला, आमच्याकडे पाठ करून.

ताय्ताने माझा बटवा चाचपला, तो भरलेला आहे ना ते पाहिलं, आणि हात मागे घेतला.

विल्बर म्हणाला, उद्या लिमाहून दुसरा येतोय. तो पान खात नाही.

येऊ दे. आम्ही इथेच बसलोय. थंडी आहे, फोर्तुनाताने उकडलेले बटाटे आणलेत, झऱ्याचं पाणी पाठीमागे वाजतंय. क्लेमेंते मशीनपाशी कुडकुडतोय, त्याच्याकडे मात्र मला बघवत नाही.