वाहून आलेली माती

दादा दोन दिवसांच्या शिबिराला गेला आणि मृदातज्ज्ञ होऊन परतला. प्रमाणपत्र काचेत मढवून बाहेरच्या खोलीत लावलं. त्याच्या हातात फावडं मात्र कोणी कधी पाहिलं नाही.

वाटणीत वरची जमीन त्याने घेतली, उताराची खालची मला दिली. "विहीर तुझ्याकडे आली, नशीब समज." कसलं नशीब! त्याच्या रानातली खतं-औषधं पावसाबरोबर थेट विहिरीत उतरायची. पाण्यावर हिरवा तवंग, गुरंही तोंड लावत नव्हती.

त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी बांधाच्या आतून चर खणला, काठाने खोल मुळांचं गवत तीन ओळींत लावलं. हिरवळीच्या खतासाठी रानात ताग पेरून फुलावर येताच गाडला. शेण, पालापाचोळा, सगळं मातीत घातलं. दुसऱ्या वर्षी तवंग गेला.

दादा वरून हसायचा. "लोक धान्य पिकवतात, आमची बाई गवत पिकवते! अगं, जमिनीला कर्ब लागतो."

"तुझ्या जमिनीत आहे?"

"मागवलाय. बाटलीतून येतोय."

ट्रॅक्टर वळत नाही म्हणून या शहाण्याने आधी आपल्या रानातले बांध मोडले, उताराच्या दिशेनेच नांगरलं आणि वर बाटल्या शिंपडल्या.

त्या वर्षी दोन दिवस पाऊस कोसळला. दादाची माती बाटल्यांसकट खाली आली आणि माझ्या गवताला अडून गुडघाभर साचली. वर नुसता खडक उरला.

तिसऱ्या दिवशी तो वहिनीला घेऊन आला. "ही माती माझी आहे."

"इथे कशी आली मग?"

"वाहून आली."

"तज्ज्ञाच्या रानातून?"

वहिनीने खोकल्याचं निमित्त करून हसू दाबलं.

"घेऊन जा," मी म्हटलं. "पण भरायची तू. मजूर आणायचा नाही."

इस्त्रीच्या पँटमध्ये त्याने अकरा घमेली भरली. मग हाताचे फोड बघत बांधावर बसला, पाणी मागितलं. मी विहिरीचं दिलं. त्याने ग्लास उजेडात धरला, हुंगला, घटाघटा प्यायला.

"गोड आहे," म्हणाला. "माझ्या मातीतून गाळलंय ना!"

मी ग्लास विसळला.

आठवड्याने वहिनी एकटीच आली. "गवताच्या चार जुड्या देता?"

मी चाळीस दिल्या. "लावणार कोण?"

"मीच. ते शिबिरात भाषण द्यायला गेलेत."